शिबिरातलं ‘बेडकाचं औषध’ बाबांना द्यावं का?

पत्र : माझे सासरे ६९ वर्षांचे आहेत, एस.टी.त कंडक्टर होते. सहा वर्षांपूर्वी पार्किन्सनचं निदान झालं. लेव्होडोपाची गोळी दिवसातून चार वेळा चालू आहे. सकाळची गोळी मी दुधाबरोबर देते, पण हल्ली तिचा गुण यायला खूप वेळ लागतो. पोट चार-चार दिवस साफ होत नाही. माझे दीर बंगळुरूला असतात. त्यांनी एक व्हिडिओ पाठवला. बेडकाच्या कातडीतल्या द्रव्यांनी पार्किन्सन आणि अल्झायमर बरा होतो, असं शास्त्रज्ञांना सापडलंय, असं त्यात सांगितलंय. गोव्यात एक शिबिर आहे. तिथे दंडावर बारीक डाग देऊन त्यावर ॲमेझॉनच्या जंगलातल्या बेडकाचा स्राव लावतात. त्याला ‘कांबो’ म्हणतात. असं तीन वेळा घ्यायचं. खर्च दीर करणार. बाबाही म्हणतात, ‘करून बघू, काय बिघडतंय?’ मी नको म्हटलं तर दीर म्हणाले, ‘वहिनी, तुम्हाला त्यातलं काय कळतं?’ यात खरं काही आहे का? आणि नसेल तर घरात कसं सांगू?
– एक वाचक, सांगली जिल्हा

ताई, बाबांना कांबो देऊ नका. ‘एकदाच घेऊन बघू’ म्हणूनही नको. नुसता नकार घेऊन दिरांसमोर उभ्या राहिलात तर ते पुन्हा तेच ऐकवतील, म्हणून सगळं नीट सांगते. हे उत्तर त्यांनाही वाचायला द्या.

व्हिडिओची सुरुवात खरी आहे. बेडकाच्या कातडीवर कित्येक दशकं गंभीर संशोधन चाललंय. बेडकाची कातडी ओली, उघडी. ना केस, ना खवले. जंतू, बुरशी, साप या सगळ्यांपासून वाचायचं तर अंगात रसायनंच हवीत. रोमचे औषधशास्त्रज्ञ व्हित्तोरिओ एरस्पामर यांनी जगभरातल्या बेडकांची कातडी तपासून त्यातली पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, एकेक करून वेगळी काढली. त्यातली बरीचशी आपल्या आतड्यात आणि मेंदूत काम करणाऱ्या द्रव्यांच्या अगदी जवळची निघाली. मेंदूच्या आजारावर काम करणारे लोक बेडकाकडे वळले ते यामुळेच.

यातली एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण दिरांच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. इक्वाडोरमध्ये जेमतेम इंचभर लांबीचा एक रंगीत बेडूक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले जॉन डॅली १९७४ साली तिथे गेले. त्या बेडकाच्या कातडीचा अर्क त्यांनी उंदराला टोचला, तर उंदराची शेपटी पाठीवर कमानीसारखी वळून ताठ उभी राहिली. मॉर्फिन दिलं की उंदीर असंच करतो. पण मॉर्फिनवरचा उतारा देऊनही परिणाम उतरेना. म्हणजे हे द्रव्य वेदना थांबवत होतं खरं, पण मॉर्फिनपेक्षा वेगळ्याच वाटेने. १९७६ साली डॅली पुन्हा गेले आणि ७५० बेडकांची कातडी घेऊन आले. त्यातून हाती लागलेलं शुद्ध द्रव्य एक मिलिग्रॅमसुद्धा भरलं नाही. तेवढ्याशा द्रव्याची रचना उलगडण्याइतकी उपकरणं तेव्हा नव्हती. ते जपून ठेवलं गेलं आणि रचना जाहीर झाली १९९२ साली. त्याचं नाव एपिबॅटिडीन. वेदना शमवण्याची ताकद मॉर्फिनच्या सुमारे २०० पट. (याच बेडकाला प्रयोगशाळेत वाढवलं तर त्याच्या अंगात हे विष तयारच होत नाही. जंगलात तो जे किडे-मुंग्या खातो त्यातून ते येत असावं.)

आता पुढे काय झालं ते बघा. एपिबॅटिडीन जसंच्या तसं माणसाला देता येईना, कारण वेदना थांबवणारा डोस आणि जीव घेणारा डोस यांत अंतर फारच कमी. ॲबट कंपनीने रेणूची रचना बदलून एक नवं औषध घडवलं आणि मधुमेहातल्या नसांच्या वेदनेसाठी माणसांवर तपासलं. वेदना कमी झाली, पण मळमळ, चक्कर, उलट्या इतक्या की खूप जणांनी चाचणी अर्धवट सोडली. औषध तिथेच थांबलं. तरीही ती मेहनत वाया गेली नाही. एपिबॅटिडीन मेंदूतल्या निकोटिनच्या रिसेप्टरना, म्हणजे पेशींवरच्या ज्या जागी निकोटिन जाऊन बसतं त्यांना, घट्ट चिकटतं. म्हणून त्याला किरणोत्सर्गी खूण लावून संशोधक अल्झायमर आणि पार्किन्सनने गेलेल्या माणसांच्या मेंदूत ते रिसेप्टर किती उरलेत हे मोजू लागले. मेंदूच्या झिजेच्या आजारांत बेडकाने आजवर दिलेली मोठी देणगी ही अशी आहे, मोजायचं साधन. उपचार म्हणून याच वाटेवर पुढे निकोटिनचा पॅच पार्किन्सनच्या नव्या रुग्णांना वर्षभर लावून पाहिला. आजार मंदावला नाही. तो निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला.

दुसरी वाट मायकेल झॅसलॉफ यांची. १९८७ साली त्यांना दिसलं की शस्त्रक्रिया केलेले आफ्रिकी बेडूक जंतूंनी भरलेल्या पाण्याच्या टाकीत सोडले तरी त्यांची जखम चिघळत नाही. कातडीत शोधल्यावर जंतू मारणारी पेप्टाइडं सापडली, त्यांना त्यांनी ‘मॅगेनिन’ म्हटलं. त्यावरून बनवलेलं मधुमेहींच्या पायाच्या जखमांचं मलम अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ साली नामंजूर केलं. झॅसलॉफ थांबले नाहीत. १९९३ साली त्यांना एका छोट्या शार्कच्या अंगात ‘स्क्वालामाइन’ मिळालं होतं. पार्किन्सनमध्ये अल्फा-सायन्युक्लीन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या चेतापेशींत साचतात. स्क्वालामाइन या गुठळ्या व्हायला अडथळा करतं, हे २०१७ साली केंब्रिजच्या संशोधकांबरोबर केलेल्या कामात बारीक सूत्रकृमींवर दिसलं. पुढे तेच द्रव्य गोळीच्या रूपात पार्किन्सनच्या रुग्णांना दिलं गेलं, आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत त्यांची बद्धकोष्ठता खरोखर कमी झाली. ते अजून बाजारात आलेलं नाही, आणि ‘पार्किन्सन बरा होतो’ असा दावा त्या संशोधकांनीही केलेला नाही. बेडकापासून निघालेली वाट शार्कवरून फिरून बाबांच्या पोटाच्या तक्रारीपर्यंत आली खरी. मला या संशोधनाचं फार अप्रूप आहे. तेवढंच या व्हिडिओवाल्यांवर रागही येतो.

बाकी कामं अजून प्रयोगशाळेतच आहेत. ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या बेडकाचं ‘युपेरिन’ नावाचं पेप्टाइड अल्झायमरमध्ये साचणाऱ्या प्रथिनासारखेच धागे बनवतं. इस्रायलमध्ये मेयताल लांडाऊ यांच्या गटाने त्याची रचना अणूंपर्यंत पाहिली. ते धागे कसे जुळतात आणि कसे मोडतात हे समजण्यासाठी ते मोलाचं आहे. चीनच्या कुनमिंगमध्ये बेडकांच्या कातडीतली काही पेप्टाइडं मेंदूचा रक्तपुरवठा तोडलेल्या उंदरांवर तपासली गेली. आणि आपल्या सह्याद्रीतलाही एक बेडूक या यादीत आहे. पुण्याच्या संशोधकांनी २०१५ साली ज्याचं ‘हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा’ असं नाव ठेवलं, त्याच्या कातडीतलं ‘उरुमिन’ हे पेप्टाइड फ्लूच्या काही विषाणूंना मारतं, असं २०१७ साली तिरुवनंतपुरम आणि अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. तेही उंदरांपर्यंतच. यातलं एकही द्रव्य आज पार्किन्सन किंवा अल्झायमरचं औषध म्हणून कुठल्याही देशात डॉक्टर लिहून देत नाहीत.

उंदरांवर किंवा थोड्याशा रुग्णांवर चांगलं दिसलं म्हणजे पुढे ते टिकेलच असं नसतं, याचा ताजा दाखला दिरांना सांगा. अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेवरून बनवलेलं एक्झेनाटाइड हे मधुमेहाचं औषध गेली वीस वर्षं वापरात आहे. २०१७ साली लंडनमधल्या छोट्या चाचणीत पार्किन्सनच्या रुग्णांना त्याचा फायदा दिसला, जगभर बातम्या झाल्या. मग त्याच संशोधकांनी १९४ रुग्णांवर ९६ आठवडे मोठी चाचणी घेतली. २०२५ साली निकाल आला : काहीच फायदा नाही. हे औषध शुद्ध होतं, मोजून दिलेलं होतं, वर्षानुवर्षं वापरलेलं होतं. तरीही ही गत.

आता कांबो. वर सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीत शास्त्रज्ञांनी एकेक रेणू वेगळा काढला, तो तोलला, गरज पडली तिथे बदलला आणि मगच पुढचं पाऊल टाकलं. कांबोमध्ये कातडीवरचा सगळाच स्राव काडीवर वाळवलेला असतो. तो थुंकीने किंवा पाण्याने ओला करून भाजलेल्या जागी लावतात, म्हणजे तो थेट रक्तात जातो. त्या काडीवर नेमकं किती काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. हा मोठा हिरवा झाडबेडूक भारतात मिळतही नाही. त्याच्या स्रावात एक पेप्टाइड पित्ताशय आणि आतडी जोरात आवळून उलट्या-जुलाब घडवतं, दोन रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब पाडतात, डर्मॉर्फिन हे मॉर्फिनपेक्षा कितीतरी पट जोरदार असतं, आणि आणखी एक शरीराच्या ताणाच्या संप्रेरकांना चाळवतं. हे सगळं एकदम. त्याआधी माणसाला लिटर-दोन लिटर पाणी प्यायला लावतात. काही मिनिटांत छाती धडधडते, चेहरा सुजतो, उलट्या सुरू होतात. शिबिरवाले याला ‘शरीर शुद्ध होणं’ म्हणतात. पेरू आणि ब्राझीलच्या सीमेवरचे मात्सेस लोक शिकारीआधी हे घेतात, पण ते त्यांच्या जंगलात, त्यांच्या जाणत्यांच्या हातून, धडधाकट शिकाऱ्यांसाठी. बाबांच्या आजारावरचा तो त्यांचा उपाय नाही. खुद्द ब्राझीलने २००४ साली कांबोच्या जाहिरातींवर बंदी घातली. ऑस्ट्रेलियात २०२१ पासून त्याचा वापरच बंद आहे. रक्तातलं सोडियम एकदम घसरून झटके येणं, अन्ननलिका फाटणं, मृत्यू, हे सगळं वैद्यकीय नोंदींत आहे.

‘काय बिघडतंय?’ या बाबांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. पार्किन्सनमध्ये बऱ्याच जणांचा रक्तदाब उभं राहताना आधीच पडतो. त्यात तो आणखी पाडला की माणूस कोसळतो, आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं तर चालणं कायमचं जाऊ शकतं. गिळण्याचे स्नायूही अनेकदा मंद झालेले असतात, त्यामुळे उलटी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याची भीती असते. पोटात गोळी टिकत नाही. लेव्होडोपाचे डोस एकामागून एक चुकले तर अंग लाकडासारखं ताठरतं, ताप चढतो, जिवावर बेततं. आणि एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. उलट्या थांबत नाहीत म्हणून जवळच्या दवाखान्यात नेलं तर तिथे कदाचित मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन देतील. पार्किन्सनमध्ये मेंदूत जे डोपामिन कमी पडतं त्याचाच रस्ता ते अडवतं, आणि पार्किन्सन झपाट्याने बळावू शकतो. चक्करेसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिनचंही तेच. ही तीन नावं एका कागदावर लिहून बाबांच्या पाकिटात ठेवा. ‘मला पार्किन्सन आहे, ही औषधं देऊ नयेत’ एवढंच वर लिहा. शिबिराचा विषय मिटला तरी हा कागद काढू नका.

शिबिरवाल्यांचं पत्रक किंवा व्हिडिओ जपून ठेवा. मेंदूचे आजार औषधाने बरे करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. करायची की नाही हे तुम्ही ठरवा. कुणी असं म्हणेल की ही चाचणी आहे, तर त्यांना सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा. भारतातल्या औषधांच्या चाचण्यांची ही सरकारी नोंदवही आहे, कुणालाही इंटरनेटवर फुकट बघता येते. खऱ्या चाचणीत माहितीपत्रक मराठीत मागता येतं, चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत, आणि इजा झाली तर उपचार व भरपाई देणं आयोजकांवर बंधनकारक असतं. दिरांना खरोखर नवं संशोधन बाबांपर्यंत आणायचं असेल तर ही नोंदवही त्यांनी दर दोन-तीन महिन्यांनी चाळावी. हे काम बंगळुरूत बसून उत्तम होतं.

आता तुमच्या पत्रातल्या त्या दोन ओळींकडे येते, ज्या तुम्ही जाता जाता लिहिल्यात. सकाळची गोळी दुधाबरोबर. ताई, दुधातली प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून रक्तात जायला एकाच दारात गर्दी करतात, आणि त्यात गोळी मागे राहते. गोळी नुसत्या पाण्याबरोबर, खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी द्या. दूध बंद करू नका, तासाभराने द्या. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर एखादं साधं बिस्किट चालेल. रक्तवाढीची लोहाची गोळी चालू असेल तर तीही वेगळ्या वेळी. गोळीचा गुण उशिरा येतो हे तुम्ही रोज बघून टिपलंत. डॉक्टरांना डोस ठरवायला हीच माहिती लागते.

दुसरं, पोट. बद्धकोष्ठता हा पार्किन्सनचाच भाग आहे, कित्येकांना ती हाताच्या कंपाच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होते. पोट तुंबलं की गोळीही नीट लागू पडत नाही. पाणी, भाज्या, रोजचं चालणं हे आहेच, पण चार-चार दिवसांवर गेलंय म्हणजे औषध लागणार. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर पार्किन्सनमध्ये उपयोगी पडल्याचं अभ्यासांत दिसलंय, ती डॉक्टरांना विचारून सुरू करा. बाबांच्या चिठ्ठीत ट्रायहेक्सिफेनिडिल असेल तर त्याबद्दल आवर्जून विचारा. त्याने पोट आणखी तुंबतं आणि या वयात गोंधळल्यासारखंही होतं. मनाने मात्र ते थांबवू नका. आणि बेडूक मागे पडला की कुणीतरी खाजकुयलीचं चूर्ण सुचवेलच. त्या बियांमध्ये खरोखर लेव्होडोपा असतो, म्हणूनच चालू गोळ्यांवर ते परस्पर घेतलं तर डोस किती झाला हे कुणालाच कळणार नाही.

घरात कसं सांगायचं? आधी बाबांशी बोला, दिरांशी नंतर. शरीर बाबांचं आहे आणि ते विचार करू शकतात. गोळी लागू पडून त्यांचं बोलणं-चालणं मोकळं झालेलं असतं त्या वेळी बसा, सकाळच्या ताठरलेल्या वेळी नको. ‘कांबो नको’ इथून सुरुवात करू नका. नेमकं काय परत हवंय ते विचारा. शर्टाची बटणं लावता यावीत, चारचौघांत जेवताना भात सांडू नये, की रात्री कुशीवर वळता यावं. सहा वर्षं गोळ्या खाऊन कंटाळलेला माणूस ‘करून बघू’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा असं काहीतरी एकच त्याच्या मनात असतं, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर आज उपाय आहेत : डोसची वेळ बदलणं, फिजिओथेरपी, गिळण्याचे आणि बोलण्याचे व्यायाम, काही निवडक रुग्णांत मेंदूतल्या इलेक्ट्रोडची शस्त्रक्रिया. ते नेमकं काय हवंय ते कागदावर घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

दिरांना म्हणा, ‘भाऊजी, शिबिराला जेवढे पैसे आणि सुट्टी देणार होतात, ती बाबांच्या पुढच्या तपासणीला द्या.’ त्यांनी स्वतः येऊन डॉक्टरांपुढे बसावं आणि व्हिडिओही तिथेच दाखवावा. लांब राहणाऱ्या मुलाला आपण वडिलांसाठी काही करत नाही याची टोचणी असते, आणि तीच अशा व्हिडिओंकडे ओढून नेते. म्हणून त्यांना नुसतं अडवू नका, काम द्या. त्या भेटीआधीचा आठवडाभर गोळी कधी दिली, गुण कधी आला, कधी उतरला, खाणं कधी झालं, हे वहीत लिहा आणि रोज रात्री त्यांना फोटो पाठवा.

पुण्यात ‘पार्किन्सन्स मित्रमंडळ’ आहे, मुंबईची ‘पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी’ही रुग्णांच्या घरच्यांसाठी गट चालवते. त्यांच्याशी संपर्क करा. तिथे तुमच्यासारख्याच सुना, बायका, मुलगे भेटतील, ज्यांच्या घरी असे व्हिडिओ आधीच येऊन गेलेत.